बनूबाईचा एक मार्क

हेंद्रेपाड्यात बनूबाईच्या हातचं वालाचं बिरडं जितकं प्रसिद्ध होतं, तितकाच तिचा जळकेपणा. धाकट्या जावेच्या, सुंदराबाईच्या घरी एकदा दौलतरावांनी बोंबलाचं कालवण दुसऱ्यांदा मागून घेतलं. एवढंच. चांगलं झालंय म्हणाले नव्हते, मान डोलावली नव्हती, नुसती वाटी पुढे केली होती. त्या दिवसापासून बनूबाईच्या घरात बोंबील शिजला नाही. कोणी विचारलंच तर सांगायची, "ह्यांना बाधतात." दौलतरावांना बोंबील कधीच बाधले नव्हते. बाधले होते ते बनूबाईला, तेही न खाता.

तसं पाहिलं तर कुणी जळावं असं त्या नवऱ्यात काय होतं? आनंदनगरच्या एका कारखान्यात बॉयलरवर उभी हयात काढलेला, बोलायला कंजूष माणूस. बायकोला कधी गजरा आणला नाही की कुठे फिरायला नेलं नाही. पण हा माणूस बनूबाईवाचून पाणीसुद्धा पीत नसे. माठ हाताच्या अंतरावर असला तरी आवाज द्यायचा, आणि बनूबाई गॅसवरचं तसंच टाकून उठायची. ताट तिने वाढायचं, बनियन तिने काढून ठेवायचं, आंघोळीचं पाणी तिने विसणायचं. ते जेवून उठले की मग उरलंसुरलं गार घेऊन ती बसायची. शेजारणी म्हणायच्या, डोक्यावर बसवून ठेवलंयस नवऱ्याला. बनूबाई मनातल्या मनात हसायची. त्यांना त्यांच्या नवऱ्यांनी साड्या दिल्या होत्या. हिच्या नवऱ्याला हिची गरज होती, आणि ती तिने दागिन्यासारखी जपली होती.

मग एका सकाळी दात घासता घासता दौलतरावांच्या हातातला ब्रश पडला आणि पाठोपाठ तेही पडले. लकवा. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. दवाखान्यात जिवावरचं निभावलं आणि त्यांना घरी आणलं.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, बनूबाईला आवडो न आवडो. दवाखान्यात ती रडली, देवाला नारळ बोलली, उपास धरले, सगळं खरं. पण घरी आणल्यावर ती सुखी झाली. चांगली गुबगुबीत सुखी. आता घास भरवायचा तोही तिने, कूस बदलायची तीही तिने, आणि संडासला नेऊन धुवायचं तेही तिनेच. ती स्वयंपाकघरात गेली की दौलतरावांचे डोळे दारावर लागायचे. लग्नानंतर पहिल्यांदा तो माणूस पुरता तिचा झाला होता. धुताना ते डोळे मिटून घ्यायचे. किती निवांत वाटतंय ह्यांना, असं तिला वाटायचं.

या सुखात बिब्बा घातला तो मुलाने. अभिजीतने अंबरनाथच्या एका ट्रस्टच्या पुनर्वसन केंद्रात वडिलांसाठी खाट मिळवली. लकवा झालेली, डोक्याला मार लागलेली, पाय तुटलेली माणसं तिथे मुक्कामाला राहून पुन्हा उठायला-बसायला शिकायची. रात्री नातेवाइकांना थांबू देत नसत. बनूबाई पहाटे उठून डबा करायची आणि शेअर रिक्षाने सकाळी सकाळी तिथे हजर व्हायची. ह्यांना संडासला मीच नेणार, हे तिने पहिल्याच दिवशी वॉर्डबॉयला बजावलं होतं.

तिथल्या डॉक्टरांचं नाव जयदेव. माणूस समजावून सांगणारा होता. "काकू," ते म्हणाले, "इथे आम्ही पेशंटला मार्क देतो. खाणं, आंघोळ, कपडे, संडास, चालणं, जिना, बोलणं, सगळ्याला वेगवेगळे. एक ते सात. स्वतःचं स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय केलं तर सात. दुसऱ्यानेच सगळं केलं तर एक. आले तेव्हा किती होते, आता किती झाले, आणि त्याला दिवस किती लागले, हे दर मंगळवारी मीटिंगमध्ये बघतो. त्यावरून कळतं, इथे ठेवून उपयोग होतोय की नाही. बाहेर नंबर लावून लोक बसलेत ना."

बनूबाईने बोटांवर एक ते सात मोजले. मग तिने विचारलं, "म्हंजे मी भरवलं तर एक?"

"हो."

"आणि मी हातच नाही लावला तर सात?"

"बरोब्बर कळलं तुम्हाला," डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

बनूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांच्या सेवेची किंमत एक! आणि नुसतं हातावर हात ठेवून बसणाऱ्या बाईला सात! असलं माप कुठल्या शहाण्याने काढलं, त्याला बायको होती की नव्हती, असं तिने घरी जाताना रिक्षावाल्याला विचारलं.

पण खरी आग लागली ती चैत्रालीला बघून. ही थेरपिस्ट. चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगमधून स्कूटीवर यायची, पायात बूट, केसांचा वर बांधलेला शेपटा, आणि तोंडात सदानकदा "चला काका, चला काका." ती जाड दांड्याचा चमचा दौलतरावांच्या उजव्या हातात द्यायची, वर आपला हात हलकेच धरायची आणि पुढच्या क्षणी सोडून द्यायची. दौलतरावांना घाम फुटायचा. चमचा अर्ध्या वाटेत कलंडायचा, भात मांडीवर सांडायचा. तरी पुन्हा उचलायचे. आणि घास तोंडात गेला की अर्ध्या तोंडाने, वाकडं का होईना, पण हसायचे.

हसायचे! हिच्याकडे बघून! बनूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे बघायची. माझ्यासाठी या माणसाने कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही, आणि या कालच्या पोरीने दोन शब्द गोड बोलले तर हा चमचा उचलतो? मला कधी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही, आणि हिला निघताना डावा हात हलवून टाटा करतो?

शेजारच्या खाटेवर उल्हासनगरचा धर्मेश होता. कपड्याच्या दुकानाचा मालक, त्यालाही लकवाच. त्याची बायको दुकान सांभाळायची, रविवारची तेवढी तोंड दाखवून जायची. आणि याचे मार्क मात्र भराभर चढत होते. बनूबाईला हे बघवेना. देव आहे का नाही? जी बाई फिरकत नाही तिचा नवरा जिना चढायला लागला, आणि जी दिवसभर खाटेला चिकटून आहे तिच्या नवऱ्याचं अजून बटण लागत नाही?

धर्मेशने तिचं तोंड बघून एकदा सांगितलंच. "आंटी, मेरी वाइफ सिर्फ संडे को आती है. इसीलिए तो मैं जल्दी ठीक हो रहा हूँ." आणि हसला. बनूबाईने त्या दिवसापासून त्याला बिरडं देणं बंद केलं.

आणि मग ती कामाला लागली. चैत्राली दुपारच्या जेवणाच्या वेळी चमच्याचा सराव घ्यायला यायची. बनूबाई त्याआधीच पडदा ओढून घ्यायची, डबा उघडायची, बिरड्यात भाकरी कुस्करायची आणि पोट भरेपर्यंत भरवायची. चैत्राली येईस्तोवर दौलतरावांच्या डोळ्यांवर झापड. "भूकच नाय त्यांना आज," बनूबाई म्हणायची, निरागस तोंड करून. सदऱ्याची बटणं ती आधीच लावून टाकायची. "थंडी वाजत होती गं." संडासला तर ती कुणाला जवळच येऊ देत नव्हती. भिंतीला हाताने धरायचा स्टीलचा दांडा लावला होता, त्याला धरून स्वतः उठायचं असं चैत्रालीने शिकवलं होतं. बनूबाईने त्या दांड्यावर चक्क टॉवेल वाळत घातला.

दौलतराव काय करणार? हूं नाही की चूं नाही. जन्मभर जे ताटात पडेल ते खाल्लेला माणूस, आताही तोंड उघडत होता.

दोन मंगळवार गेले. दौलतरावांचे मार्क होते तिथेच बसले. तिसऱ्या मंगळवारी मीटिंगच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि बनूबाईचे कान त्या दाराला लागले होते. जयदेव डॉक्टर चैत्रालीला म्हणत होते, "तुझाच पेशंट का अडलाय? याच अवस्थेतले बाकीचे पुढे गेले. असं असेल तर शनिवारी त्यांना घरी पाठवू. खाट अडवून उपयोग नाही." चैत्राली काहीतरी पुटपुटली. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

हरली बया! बनूबाईला इतका आनंद झाला की केंद्राच्या आवारातल्या मारुतीला ती दोनदा पाया पडली. संध्याकाळी दौलतरावांच्या तोंडाशी घास नेत ती म्हणाली, "शनवारी घरी जायचं. ऐकलंत का? आता नको चमचा आणि नको दांडा. मी हाय ना. सगळं करीन मी, मरेपर्यंत करीन."

दौलतरावांनी तोंड मिटलं.

तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने घास ओठांना लावला. ओठ घट्ट. तिने हनुवटीला हात लावला, लहान मुलाला लावतात तसा. दौलतरावांनी मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. "न... को," ते म्हणाले. इतक्या वर्षांत या माणसाने तिच्या हातचं पहिल्यांदा नाकारलं होतं. बिरड्याचा घास तिच्या बोटांत तसाच राहिला, रस कोपरापर्यंत ओघळला.

मग ती जी उठली ती तडक चैत्रालीकडे. चैत्राली स्कूटीला चावी लावत होती. "काय शिकवलंस गं माझ्या माणसाला?" बनूबाई आवारभर ऐकू जाईल अशी ओरडली. "माझ्या हातचं खात नाय तो! काय मंतर घातलास?"

चैत्राली आधीच वैतागलेली होती. तीही काही ऋषीमुनी नव्हती. "काकू, माझ्यावर ओरडू नका हां. मी आजच्या दिवसाचं खूप ऐकून घेतलंय." मग तिनेच आवाज उतरवला. "तुम्हाला माहितीये का, पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येक पेशंटला विचारतो, तुम्हाला सगळ्यात आधी काय यायला पाहिजे? काकांना बोलता येत नव्हतं म्हणून चित्रं दाखवली. जेवण, आंघोळ, चालणं. लोक बहुतेक चालण्यावर बोट ठेवतात. काकांनी संडासच्या चित्रावर ठेवलं. मला वाटलं, चुकून. परत विचारलं. तर त्यांनी तुमच्याकडे दाखवलं. तुम्ही खिडकीजवळच्या बेसिनवर डबा धूत होतात. तुमच्याकडे बोट करून अशी मान हलवली, नको, नको म्हणून. मी म्हटलं, काका, काकूंना त्याचं काही वाटत नाही. तर डाव्या हाताने खाटेवर मूठ मारली. आणि रडायला लागले."

बनूबाईने कोपरापर्यंतचा रस पदराला पुसला.

"त्यासाठी चाललंय त्यांचं सगळं," चैत्राली म्हणाली. "चमचा, बटण, नाडी. हात चालला तरच ते जमणार ना."

बनूबाईला दौलतरावांचे ते मिटलेले डोळे आठवले. धुताना मिटायचे ते. निवांत वाटतंय, असं समजून ती वर आणखी गाणं गुणगुणायची. ज्याने कुणापुढे सदरासुद्धा कधी काढला नाही, तो माणूस रोज सकाळी तिच्या हाताखाली लाजेने मरत होता, आणि तिला वाटत होतं की आपला संसार आता कुठे फुलला. तिला चैत्रालीचा राग आला, दौलतरावांचा आला, आणि मग फिरून फिरून तो स्वतःवरच आला. आवारातल्या कठड्यावर ती बसली.

"तुझं काय चुकलेलं नाय," ती म्हणाली. "तू यायच्या आधी मीच भरवते. बटणंपण मीच लावते."

चैत्रालीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काकू!" ती किंचाळलीच. "आणि मी सरांची बोलणी खातेय दोन आठवडे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बनूबाई जयदेव डॉक्टरांच्या दारात उभी राहिली. पदर खोचलेला, आवाज भांडायला आल्यासारखा. "डॉक्टर, तुमचं ते माप खोटं हाय," ती म्हणाली. "ते मार्क ह्यांचे नायत. माझे हायत. मी मधे हात घालते म्हणून एकावर बसलेत. मला बाजूला काढा आणि परत मोजा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, ठीक आहे, अजून थोडे दिवस देऊ. पण काकू, तुम्ही हात नाही लावायचा.

हात नाही लावायचा! सांगायला सोपं. दौलतराव बटणाशी झटायला लागले की बनूबाईची बोटं आपोआप वळवळायची. शेवटी तिने घरून भिजवलेले वाल आणायला सुरुवात केली. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ती एकेक वाल सोलायची. तिकडे चमचा कलंडला की इकडे वालाची साल उडायची. बटण निसटलं की दाणा चिरडायचा. चैत्राली "वा काका!" म्हणायची तेव्हा बनूबाईचा जीव अजूनही जळायचाच. ते वा म्हणायचा हक्क कुणाचा, आणि म्हणतंय कोण! पण हात वालात गुंतलेले होते. त्या दिवसांत वॉर्डभर बिरडं वाटलं गेलं. धर्मेशलाही मिळालं.

मार्क हलायला लागले. आधी खाण्याचे, मग कपड्यांचे, मग बाकीचे.

जायच्या दिवशी शेवटची मोजणी झाली. खाणं झालं, सदरा झाला, जिना झाला. संडासची पाळी आली तशी चैत्रालीने सवयीने बनूबाईकडे पाहिलं. बनूबाई भिंतीला टेकून उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे. दौलतराव काठी टेकत आत गेले, आणि त्यांनी आतून कडी लावली. कडीचा तो आवाज बनूबाईला लागला. मी बाहेर आणि तो स्टीलचा दांडा आत. ती त्या दांड्यावर जळली. खरं सांगायचं तर सुंदराबाईच्या कालवणावर जळली होती त्याहून जास्त जळली.

बराच वेळ गेला. पाण्याचा आवाज आला. मग कडी निघाली आणि दौलतराव बाहेर आले. घामाघूम, पायजम्याच्या नाडीची गाठ वाकडी, पण बांधलेली.

"सहा," चैत्राली डॉक्टरांना म्हणाली. "दांडा धरला ना, म्हणून एक कमी."

"सहा?" बनूबाई उसळली. "सगळं केलं त्यांनी आणि दांड्यासाठी एक कापतेस? दांडा काय बाई हाय? सात लिही."

"काकू, नियम आहे तो."

दौलतरावांनी चैत्रालीकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडेही नाही. ते काठीवर वाकून बनूबाईकडेच बघत होते. "कि... ती?" त्यांनी विचारलं. फक्त तिला.

"सात," ती म्हणाली. "मी सांगते ना. सात."

आता ते हेंद्रेपाड्यातच असतात. अभिजीतने घरच्या संडासात तसाच दांडा बसवून दिला आहे. बनूबाई तो रोज घासते, अगदी चकचकीत, आणि घासताना त्याला शिव्या देते. दौलतराव हाताने जेवतात, सांडत सांडत, वेळ लावून. एवढा वेळ नुसतं समोर बसून करायचं काय, म्हणून तिने एके दिवशी आपलंही ताट वाढून घेतलं. आपलं बिरडं गरम असताना एवढं चांगलं लागतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. रोज सकाळी दौलतराव कडी काढून बाहेर येतात तेव्हा नाडी सुटलेली असते, दोन्ही टोकं हातात धरलेली. पहिल्या दिवशी तिला वाटलं, हात दमला असेल. तिने गाठ मारून दिली. "किती?" त्यांनी विचारलं. "सहा," ती म्हणाली. "नाडी राहिली." त्यांनी मान डोलावली, आणि मग रोज तेच.

परवा ती भाजी घेऊन बाजारातून लवकर परतली. दार अर्धवट लोटलेलं होतं. दौलतराव आरशासमोर उभे होते, उजव्या मनगटाने नाडीचं एक टोक पोटाशी दाबून, डाव्या हाताने दुसरं फिरवत, दातांत जीभ धरून. गाठ बसली. सरळ, घट्ट, चैत्रालीला दाखवावी अशी. बनूबाई पाऊल न वाजवता मागे फिरली आणि थोड्या वेळाने जोरात चपला आपटत पुन्हा आली.

काल सकाळी कडी निघाली. दौलतराव बाहेर आले, नाडीची टोकं हातात धरून तिच्यासमोर उभे राहिले.

"किती?"

बनूबाईने खाली बघून सावकाश गाठ मारली.

"सहा," ती म्हणाली.